कल्पाची सीमा आणि सामूहिक विलोपन: दोन वेगळ्या गोष्टी

पृथ्वीच्या इतिहासाचा तक्ता प्रथमच पाहणाऱ्याचा असा समज सहज होतो की, जिथे एक कल्प, म्हणजे भूवैज्ञानिक कालखंड, संपून दुसरा सुरू होतो तिथे जीवसृष्टीचा मोठा संहार झालेला असणार आणि जिथे असा संहार झाला तिथे कल्प बदललेला असणार. हा समज अगदीच निराधार नाही. पर्मियन व ट्रायासिक या कल्पांमधली आणि क्रिटेशस व पॅलिओजीन या कल्पांमधली रेघ पाहिली, तर दोन्ही ठिकाणी रेघेला लागूनच सर्वपरिचित असे दोन सामूहिक विलोप आढळतात. तरीही सीमा आणि विलोपन यांची जातकुळी निराळी आहे. विलोपन ही निसर्गात घडलेली घटना आहे. तिला कारणे असतात, कालावधी असतो आणि तिची तीव्रता जागोजागी, प्राणिगटागणिक बदलते. सीमा ही भूवैज्ञानिकांनी एका निवडक ठिकाणच्या खडकात, एका ठरावीक थराच्या तळाशी, चर्चा व मतदान करून निश्चित केलेली खूण आहे आणि तिला जाडी नसते. शेताच्या हद्दीचा दगड आणि त्या शेतावरून गेलेला पूर यांत जो फरक आहे, तोच इथे आहे.

ही गल्लत का होते हे कळण्यासाठी एकोणिसाव्या शतकात जावे लागते. त्या काळी खडकाचे वय वर्षांत मोजण्याचे साधन नव्हते. कोणता थर आधीचा आणि कोणता नंतरचा हे त्यातील जीवाश्मांवरून ठरवले जाई. रॉडरिक मर्चिसन यांनी १८४१ मध्ये रशियातील पर्म प्रदेशावरून पर्मियन हे नाव दिले आणि त्याच सुमारास जॉन फिलिप्स यांनी जीवाश्मांच्या एकंदर स्वरूपावरून पुराजीव, मध्यजीव आणि नवजीव असे तीन महाकल्प मांडले. म्हणजे जीवाश्मांचा संच जिथे सर्वांत ठळकपणे बदलतो तिथेच सर्वांत जाड रेघ ओढली गेली. महाकल्पांच्या सीमा आणि दोन मोठे विलोप जवळजवळ येतात याचे कारण एवढेच आहे की, विलोपनाने घडवलेली तफावत पाहूनच त्या सीमा आखल्या गेल्या होत्या, मग तफावतीचे कारण आखणाऱ्यांना ठाऊक असो वा नसो.

आज सीमा ठरवण्याची पद्धत अधिक काटेकोर आहे. जगात कुठेतरी असा एक उघडा खडक शोधला जातो जिथे गाळ, शक्यतो समुद्री गाळ, खंड न पडता साचत गेला आहे. त्यातील एका थराचा तळ ही त्या कालखंडाच्या प्रारंभाची खूण मानली जाते आणि तिला ‘सोनेरी खिळा’ म्हणण्याचा प्रघात आहे. असा पहिला खिळा १९७२ मध्ये तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील क्लोंक येथे, सिल्युरियन आणि डेव्होनियन यांच्या मध्ये, निश्चित झाला. पृथ्वीच्या इतिहासात जे पाच मोठे सामूहिक विलोप गणले जातात, त्यांपैकी एकही त्या सीमेवर नाही.

खिळ्यासाठी बहुधा एखाद्या जातीचे पहिले दर्शन निवडले जाते, शेवटचे नव्हे. जीवाश्मांची नोंद नेहमी अपुरी असते, आणि एखाद्या जातीचा आपल्याला सापडलेला शेवटचा अवशेष म्हणजे त्या जातीचा शेवटचा जीव असण्याची शक्यता फार कमी असते. परिणामी, एकाच क्षणी नष्ट झालेल्या अनेक जाती खडकात मात्र एकामागून एक, हळूहळू नाहीशा झाल्यासारख्या दिसू शकतात. फिलिप सिग्नर आणि जेरे लिप्स यांनी १९८२ मध्ये हा मुद्दा नेमकेपणाने मांडला. विलोपनाची कड खडकात अशी अंधूक असल्यामुळे तिच्यावर सीमा उभी करणे भूवैज्ञानिकांना जोखमीचे वाटते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण चीनच्या झेजियांग प्रांतातील मेईशान येथील चुनखडीच्या खाणीत आहे. तिथल्या थरांना क्रमांक दिलेले आहेत. २५ क्रमांकाचा थर हा ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या फिकट मातीचा, जेमतेम चार सेंटिमीटर जाडीचा आहे. त्याच्या तळाशी समुद्री जीवांच्या जातींची संख्या एकदम कोसळते. बरीच वर्षे अनेक अभ्यासक हाच थर पर्मियनचा शेवट मानत. परंतु २००१ मध्ये खिळा ठोकला गेला तो त्याच्या वर, २७ व्या थराच्या ‘क’ भागाच्या तळाशी, कारण हिंडिओडस पार्व्हस नावाच्या कोनोडोंटचे, म्हणजे एका लहान, लुप्त समुद्री प्राण्याचे, दातासारखे सूक्ष्म अवशेष तिथे प्रथम दिसतात. दोन पातळ्यांमधले अंतर वीतभरही नाही. राखेतील झिरकॉन स्फटिकांवरून काढलेल्या कालमापनानुसार विलोपनाचा आरंभ सुमारे २५.१९४ कोटी वर्षांपूर्वी झाला आणि सीमा सुमारे २५.१९० कोटी वर्षांपूर्वीची आहे. त्याच मापनानुसार विलोपनाचा मुख्य टप्पा काही दशसहस्र वर्षे चालला. म्हणजे पुराजीव महाकल्पाचा अधिकृत शेवट आणि त्याच्या जीवसृष्टीच्या संहाराचा आरंभ यांत सुमारे चाळीस हजार वर्षांचे अंतर आहे, आणि खिळा आपत्तीच्या आधी किंवा नंतर नसून आपत्तीच्या पोटातच आहे. सीमा घटनेचे वर्णन करत नाही हे इथे जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

क्रिटेशसच्या अखेरीस मात्र नेमके उलटे घडले. ट्युनिशियातील एल केफ येथील खिळा, जो १९९१ मध्ये मान्य झाला, एका गडद मातीच्या थराच्या तळाशी आहे. तिथेच काही मिलिमीटर जाडीचा गंजाच्या रंगाचा पट्टा आहे आणि पृथ्वीच्या कवचात विरळ, पण लघुग्रहांत तुलनेने अधिक असणाऱ्या इरिडियम या धातूचे प्रमाण त्यात असाधारण आहे. इटलीतील गुब्बियो येथील अशाच मातीवरून लुईस व वॉल्टर अल्वारेझ, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी १९८० मध्ये लघुग्रहाच्या आघाताची कल्पना मांडली होती आणि पुढे मेक्सिकोतील चिक्शुलूबचे विवर त्या आघाताची जागा म्हणून ओळखले गेले. आघाताची धूळ साऱ्या पृथ्वीवर अल्पावधीत बसल्यामुळे इथे घटनेचीच खूण सीमा म्हणून वापरता आली. सीमा आणि आपत्ती खरोखर एकाच रेषेवर असण्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे, आणि डायनोसॉरांमुळे तेच सर्वांच्या मनात बसलेले असल्याने बाकीच्या सीमाही तशाच असतील असे वाटू लागते.

तशा त्या नाहीत. पाच मोठ्या विलोपांपैकी डेव्होनियन काळातील विलोपाचा मुख्य तडाखा सुमारे ३७.२ कोटी वर्षांपूर्वी, फ्राझ्नियन आणि फामेनियन या पोटविभागांच्या मध्ये बसला. डेव्होनियन कल्प त्यानंतर एक कोटीहून अधिक वर्षे चालू राहिला. ट्रायासिकच्या अखेरचा विलोप आधी घडून गेला आणि जुरासिकचा खिळा ऑस्ट्रियातील कुहयोख येथे त्याच्या वरच्या थरांत, एका नव्या अमोनाइटच्या, म्हणजे शंखधारी समुद्री प्राण्याच्या, आगमनावर ठरला. जुरासिक आणि क्रिटेशस यांच्या मध्ये तर कोणताही मोठा विलोप नाही, आणि तिथे खिळा कुठे ठोकावा यावर अनेक दशके एकमत झालेले नाही.

आपल्या देशातही एक खिळा आहे. मेघालयात सोहरा, म्हणजे चेरापुंजी, जवळच्या मॉम्लूह गुहेतील चुन्याच्या एका स्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या दुष्काळाची खूण ऑक्सिजनच्या समस्थानिकांच्या रूपाने सापडते आणि तिच्यावरून २०१८ मध्ये मेघालयन हा कालविभाग मान्य झाला. सामूहिक विलोपनाशी त्याचा काही संबंध नाही.

महाराष्ट्रातील वाचकाने दख्खनच्या काळ्या पाषाणाबाबत विशेष सावध राहावे असे मला वाटते, कारण इथे गल्लत होण्यास पुष्कळ वाव आहे. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेला हा बेसाल्ट मुख्यतः दहा लाखांहून कमी वर्षांत, अनेक लाव्हाप्रवाहांनी थरावर थर साचून तयार झाला आणि क्रिटेशसची अखेर त्या अवधीच्या आत येते. उद्रेक सीमेच्या आधी सुरू झाले होते आणि नंतरही चालू होते. म्हणून सह्याद्रीचा अवघा कडा ‘डायनोसॉर मेले तेव्हाचा’ म्हणणे चुकीचे आहे. सीमा त्या थरांच्या चळतीतून कुठूनतरी जाते, पण नेमक्या कोणत्या प्रवाहांमधून जाते यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. घाटरस्त्यालगतच्या कापलेल्या दरडीत दोन काळ्या थरांमध्ये तांबड्या मातीचा जो पट्टा दिसतो, त्यालाही उत्साहाच्या भरात ‘ती सीमा’ समजू नये. एकाच घाटात असे अनेक पट्टे असतात. दोन उद्रेकांमधल्या विश्रांतीत खालच्या खडकाची झीज होऊन किंवा राख साचून ते बनले आहेत, आणि इरिडियमच्या त्या मातीशी त्यांचे साम्य फक्त वरवरचे आहे. प्रवाहांमध्ये अशा विश्रांती असल्यामुळे, आणि ते जमिनीवर पसरलेले असल्यामुळे, खिळ्यासाठी लागणारा अखंड समुद्री थर इथे मिळत नाही. या लाव्हाचा विलोपनातील वाटा किती, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे. उद्रेकांतून निघालेल्या वायूंनी हवामान बदलले असणार, पण आघाताच्या तुलनेत त्यांचे वजन किती धरायचे यावर वाद चालू आहे, आणि त्याचे उत्तर काहीही आले तरी एल केफचा खिळा जागचा हलणार नाही.

हाच भेद आजच्या एका चर्चेलाही लागू पडतो. मानवाच्या प्रभावावरून ‘अँथ्रोपोसीन’ हे नवे युग मान्य करावे, त्याचा आरंभ विसाव्या शतकाच्या मध्यावर, अणुचाचण्यांतून पसरलेल्या प्लुटोनियमच्या खुणेवर धरावा आणि खिळा कॅनडातील क्रॉफर्ड सरोवराच्या गाळात असावा, असा प्रस्ताव होता. मार्च २०२४ मध्ये तो फेटाळला गेला. त्यावरून काहींनी असा अर्थ काढला की सहावे सामूहिक विलोपन होत असल्याचा दावाही शास्त्रज्ञांनी नाकारला. मतदान त्यावर नव्हतेच. प्रस्तावाला विरोध करणाऱ्यांचा एक प्रमुख आक्षेप असा होता की, शेती, जंगलतोड आणि शिकार यांतून हजारो वर्षे चालत आलेला मानवी प्रभाव १९५० च्या आसपासच्या एका रेघेत बसवता येत नाही. जाती किती वेगाने नष्ट होत आहेत हे जीवशास्त्रज्ञ स्वतंत्रपणे मोजतात. पाच मोठ्या विलोपांत सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक जाती गेल्या असे मानले जाते. आजवर अभ्यासलेल्या गटांतील नोंदलेले नुकसान त्या पातळीच्या कितीतरी खाली आहे, पण नष्ट होण्याचा वेग मात्र नेहमीच्या वेगाच्या अनेक पट आहे. अँथ्रोपोसीन मान्य झाले असते तरी या दोन्हींपैकी एकही आकडा बदलला नसता.