डिस्क भरल्यावरचे ग्राफिकल लॉगिन

लिनक्सच्या संगणकावर होम फोल्डरची, म्हणजे वापरकर्त्याच्या स्वतःच्या फाइली असलेल्या फोल्डरची, डिस्क काठोकाठ भरली, की पासवर्ड बरोबर असूनही डेस्कटॉप उघडत नाही. पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनचाच चौकोन समोर येतो. याला ‘लॉगिन लूप’ म्हणतात. त्याची इतरही कारणे असतात, पण भरलेली डिस्क हे नेहमीचे. पडद्यावर काहीच सांगितले जात नसल्याने माणूस पासवर्ड चुकला समजून तोच पुन्हा पुन्हा टाकत बसतो. खरा दोष या मौनात आहे.

पासवर्ड तपासायला डिस्कवर जागा लागत नाही. सत्र, म्हणजे लॉगिननंतरचा डेस्कटॉप, सुरू करायला लागते. लाइटडीएम हा लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्राम होममधल्या ‘.एक्सऑथॉरिटी’ फाइलीत सत्राची किल्ली लिहितो, मागोमाग सेटिंग्ज आणि कॅशे (प्रोग्रामांचा तात्पुरता साठा) लिहिले जातात. यातले एखादे लिहिणे फसले तरी सत्र कोसळू शकते. डिस्कवर फाइली मांडणारी एक्स्ट४ फाइल प्रणाली मुळात ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे यंत्रणेच्या प्रशासक खात्यासाठी, राखते, म्हणजे ५०० जीबीत सुमारे २५ जीबी. म्हणून यंत्रणा चालू राहते आणि अडतो तो सामान्य वापरकर्ता.

डेबियन या लिनक्स प्रकारातली, सत्र सुरू करणारी ‘एक्ससेशन’ स्क्रिप्ट सुरुवातीला एक तात्पुरती फाइल करून तिच्यात ‘*’ हे एकच चिन्ह लिहून पाहते. नुसती रिकामी फाइल भरलेल्या डिस्कवरही बनू शकते, म्हणून ही खबरदारी. लिहिता आले नाही तर सत्र बंद पडू शकते, असा इशारा मिळतो. मात्र डेबियन १३ पासून (२०२५) तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर सहसा मेमरीत असतो. तिथे चाचणी पास होते आणि होम भरलेलेच राहते. तपासायला हवे ते होमच. ग्नोम हा डेस्कटॉपही जागा कमी झाल्याचे सांगतो, पण सत्रात शिरल्यावर. दारात अडकलेल्याला त्याचा उपयोग नाही. लॉगिनच्या पडद्यानेच कारण सांगावे आणि कॅशे मेमरीत ठेवून निदान फाइली पुसण्यापुरते आत घ्यावे, हे रास्त.

तोवर सुटकेची वाट मजकुरी कन्सोलची. कंट्रोल+ऑल्ट+एफ३ दाबून तिथे लॉगिन करावे. ‘डीएफ’ या आज्ञेने डिस्कचे भरलेले विभाजन कळते, ‘डीयू’ने जागा खाणारा फोल्डर. बऱ्याचदा तो कॅशे किंवा कचरापेटी निघतो, कधी ‘.एक्ससेशन-एरर्स’ ही फुगलेली त्रुटींची फाइल. जागा शिल्लक दिसूनही लिहिता येत नसेल तर आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीला लागणाऱ्या नोंदी, संपलेले असू शकतात. पुसलेली फाइल एखाद्या चालू प्रोग्रामने उघडून ठेवली असेल, तर तो बंद होईपर्यंत तिची जागा मोकळी होत नाही.