कायोटी कुत्र्याला फूस लावून नेतो?

अमेरिकेत कुत्रा पाळायला घेतला की कोणीतरी हमखास बजावतं: कायोटी (लांडग्याच्या कुळातला, त्याहून लहान असा तिथला रानटी प्राणी) खेळायचं सोंग करून कुत्र्याला झाडीत नेतो, तिथे अख्खी टोळी दबा धरून बसलेली असते. किस्सा रंगतदार आहे, पण असा कट कायोटी रचत नाहीत.

होतं असं, की मोकळा सोडलेला कुत्रा कायोटीच्या मागे लागतो. कायोटी जिवाच्या भीतीने आपल्या हद्दीकडे पळतो आणि तिथे त्याची जोडीदारीण, पिल्लं असतात. मग अंगावर येणारच! वसंतात, उन्हाळ्यात तर नर-मादी पिल्लांपायी जास्तच आक्रमक असतात. कधी ते थोडं अंतर राखून मागे चालतात, तेही तुम्हाला बिळापासून लांब घालवायला. रात्री ऐकू येणारी ‘टोळी’ही बऱ्याचदा दोघा-तिघांचीच असते; आवाज असे चढउतार घेतात की डझनभर वाटावेत.

म्हणून कुत्र्याचा पट्टा आखूडच धरा, दोनेक मीटरचा. छोटा कुत्रा असेल तर सरळ उचलून घ्या, कारण त्याला भक्ष्य समजून कायोटी खरंच उचलू शकतो. पाठ फिरवून पळू नका. हात उंचावून जोरात ओरडा, तोंड त्याच्याकडेच ठेवून मागे सरका. माणसांवर हल्ले दुर्मीळ आहेत, पण 1981 मध्ये कॅलिफोर्नियात आणि 2009 मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात एकेक बळी गेला आहे. अंगणात खाणं ठेवून त्यांना माणसाळवणं मात्र शुद्ध वेडेपणा.