थंडीत डुबिया झुरळं कशी जगतात

थंडीतल्या एका सकाळी पाली-सरड्यांच्या खाद्यासाठी पाळलेल्या डुबिया झुरळांच्या पेटीचं झाकण उघडलं, तर आत ठेवलेल्या अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेखाली एक मादी उताणी पडली होती. पाय पोटाशी आखडलेले, मिशा निपचित. मेली असं समजून उचलली आणि थोडा वेळ तळहातावर तशीच राहू दिली. काही मिनिटांनी मागच्या एका पायाचं टोक थरथरलं. मग एक मिशी हलली.

या अवस्थेला शीतमूर्च्छा म्हणता येईल. कीटकाच्या स्नायूपेशीत पोटॅशियम भरपूर असतं आणि बाहेरच्या द्रवात कमी. हा फरक सांभाळणारे पेशीतले पंप ऊर्जेवर चालतात. गारठ्यात ते मंदावतात, पोटॅशियम बाहेर साचत जातं आणि स्नायूंचं काम थांबतं. ऊब वेळेत मिळाली की पंप पुन्हा चालू होतात. गारठा लांबला, तर मात्र पेशीच मरू लागतात. म्हणून न हलणारं झुरळ लगेच फेकू नका. खोलीच्या साध्या उबेत काही तास ठेवून बघा.

पाली-सरड्यांच्या खाद्यासाठी सर्वांत जास्त पाळलं जाणारं झुरळ म्हणजे ब्लॅप्टिका डुबिया, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. शरीराचं तापमान स्वतः राखणं त्याला जमत नाही. भोवतालचं तापमान १० अंशांनी उतरलं की कीटकांच्या शरीरातल्या क्रिया साधारण निम्म्यावर येतात. डुबियाची वीण २७ ते ३२ अंश सेल्सियसला छान चालते. २० अंशांच्या आसपास प्रौढ झुरळं जगतात, पण खाणं कमी होतं, पिल्लांची वाढ रेंगाळते आणि नवी पिल्लं होणं जवळपास थांबतं.

माझ्या मते पाळणाऱ्यांचं नेमकं इथेच दुर्लक्ष होतं. प्रौढ झुरळं फिरताना दिसतात, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. डुबियाची मादी अंडी बाहेर घालत नाही. अंड्यांचा कोष शरीराबाहेर काढते, वळवते आणि पुन्हा आत ओढून घेते. ऊब असेल तर दोनेक महिन्यांनी २० ते ४० पिल्लं जन्माला येतात. गारठ्याचा ताण बसला की ती हा कोष अर्धवटच टाकून देऊ शकते. ट्रेच्या तळाशी पिवळसर, चपटे, एकमेकींना चिकटलेल्या अंड्यांचे तुकडे दिसले, तर आधी थर्मामीटर बघा. थंडी झुरळांआधी त्यांची पुढची पिढी नेते.

ऊब द्यायची तर हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, पेटीच्या एका बाजूला बाहेरून लावा आणि तिला तापमान ठरावीक ठेवणारा थर्मोस्टॅट जोडा. त्याचा सेन्सर झुरळं बसतात तिथे, ट्रेच्या उंचीवर हवा. दुसरी बाजू गारच राहू द्या, म्हणजे झुरळं आपापली जागा निवडतील. मॅट तळाखाली ठेवली, तर वरच्या विष्ठेच्या आणि भुशाच्या थराखाली उष्णता कोंडते आणि खाली दडलेली पिल्लं भाजतात. ट्रे उभे ठेवा, घाण आपोआप खाली पडते.

आता पाण्याचं. ऊब दिली की हवा कोरडी पडते. पाणी श्वासरंध्रांतून आणि त्वचेतून उडतं. चिमुकल्या पिल्लांत शरीराच्या मानाने पृष्ठभाग जास्त, त्यामुळे ती आधी सुकतात. कात टाकताना हवा कोरडी असेल, तर जुनी त्वचा नीट सुटत नाही आणि पांढरंशुभ्र कोवळं पिल्लू तिच्यातच अडकून मरतं. हे एकदा पाहिलं की विसरता येत नाही. पाण्याचे जेल स्फटिक (पाणी शोषून फुगलेले मऊ खडे) किंवा गाजराचे काप रोज बदलून ठेवा.

पण उबेसाठी पेटी प्लास्टिकने गुंडाळून टाकणं त्याहून वाईट. झाकणाच्या आतून थेंब ओघळू लागतात, बुरशी धरते, विष्ठेतल्या अमोनियाचा वास चढतो. गुंडाळायचंच असेल तर जाड कापड वापरा आणि जाळीची भोकं उघडी ठेवा. गारठ्यात झुरळं कमी खातात, त्यामुळे खाद्यही कमी घाला. उरलेलं तिथेच कुजतं.

झुरळांचं पार्सल थंडीतून आलं असेल, तर ते उघडून थेट मॅटजवळ ठेवू नका. डबा तासभर खोलीतच राहू द्या, मग झुरळं पेटीच्या गार बाजूला सोडा. त्या दिवशी फक्त पाण्याचे स्फटिक ठेवा, खाद्य दुसऱ्या दिवशी.