जुना कोड उद्याही चालावा म्हणून

२५ जुलै २०२४ रोजी रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेची १.८० ही आवृत्ती आली आणि कित्येकांचे सुरळीत चालणारे जुने प्रकल्प एकाएकी कंपाइल होईनासे, म्हणजे यंत्राला कळणाऱ्या सूचनांमध्ये उतरेनासे झाले. कोडमध्ये कुणी एका अक्षराचाही बदल केला नव्हता. भाषेच्या प्रमाण लायब्ररीत, म्हणजे भाषेसोबतच मिळणाऱ्या तयार कोडच्या संग्रहात, एक बारीकशी भर पडली होती, एवढंच. तारीख-वेळ हाताळणाऱ्या ‘टाइम’ नावाच्या लोकप्रिय पॅकेजमध्ये एका ठिकाणी डेटाचा प्रकार पुरता लिहिलेला नव्हता. तो ओळखायचं काम कंपायलरवर सोडलं होतं. तोवर तिथे एकच प्रकार बसत होता, त्यामुळे कंपायलरला अडचण येत नसे. नव्या भरीमुळे दुसराही प्रकार बसू लागला. दोन्हींतला कुठला घ्यायचा हे मनाने ठरवायची कंपायलरला मुभा नाही, म्हणून तो थांबला. टाइमच्या नव्या आवृत्तीत दुरुस्ती झालेली होती, पण ज्यांच्या प्रकल्पात जुनीच आवृत्ती कायम केलेली होती ते अडकले.

रस्टचे नियम पाहिले तर हा बदल बेकायदा नव्हता. २०१५ साली १.० आवृत्ती आली तेव्हा या भाषेने वचन दिलं की आज चालणारा कोड पुढच्या आवृत्त्यांतही चालेल. मात्र प्रकार ओळखण्यातला असा बिघाड त्या वचनातून वगळलेला आहे. तरीही लोक नाराज झाले, आणि माझ्या मते त्यांची नाराजी रास्त होती. कंपायलरची देखभाल म्हणजे नेमकं काय राखायचं असतं, हे या एका प्रसंगातून जितकं स्पष्ट होतं तितकं क्वचितच कशातून होतं.

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम प्रोसेसरला कळतील अशा सूचनांमध्ये उतरवणारा प्रोग्रॅम. तो एकदा नीट लिहिला की काम संपलं, असं कुणालाही वाटेल. पण त्याच्या खालची जमीन सतत हलत असते. २०२० मध्ये ॲपलने मॅक संगणक इंटेलच्या चिपवरून स्वतःच्या एआरएम चिपवर न्यायला सुरुवात केली. रिस्क-फाइव्ह ही खुली चिपरचना गेल्या काही वर्षांत पुढे आली. ऑपरेटिंग सिस्टिम बदलतात, भाषांमध्ये भर पडते, सुरक्षेच्या अपेक्षा वाढतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेल्या जीसीसी या कंपायलरची आजही दरवर्षी एक मोठी आवृत्ती निघते, ती याच कारणाने.

शिवाय आजचा कंपायलर एकसंध नसतो. रस्ट, स्विफ्ट, ज्युलिया या भाषांचे कंपायलर आणि सी भाषेचा क्लँग हा कंपायलर हे सगळे यंत्रसूचना तयार करायचं काम एलएलव्हीएम या सामायिक प्रकल्पाकडे सोपवतात. ख्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी २००० साली इलिनॉय विद्यापीठात तो सुरू केला. यामुळे प्रत्येक भाषेचं कष्टाचं काम वाचतं, पण एकाच्या चुका दुसऱ्याला भोगाव्या लागतात. यातली एक हकिगत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

समजा एका फंक्शनला मेमरीतल्या दोन जागांचे पत्ते दिले आहेत. ते दोन्ही पत्ते एकाच जागेचे असू शकतात. तशी शक्यता असेल तर कंपायलरला दरवेळी मेमरीतून किंमत नव्याने वाचावी लागते, कारण मधल्या काळात ती दुसऱ्या पत्त्यावरून बदललेली असू शकते. जागा वेगळ्या आहेत अशी हमी मिळाली, की तो किंमत प्रोसेसरच्या रजिस्टरमध्येच, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या वेगवान जागेत, धरून ठेवतो आणि कोड वेगवान होतो. सी भाषेत १९९९ च्या प्रमाणकापासून ‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्द लिहून अशी हमी देता येते, पण फार कमी प्रोग्रॅमर तो लिहितात. रस्टमध्ये मात्र ही हमी भाषेच्या नियमांतूनच मिळते: एखाद्या गोष्टीत बदल करायची परवानगी ज्या संदर्भाकडे (म्हणजे तिच्याकडे नेणाऱ्या पत्त्याकडे) आहे, त्याच्याखेरीज तेव्हा दुसऱ्या कुणालाही तिला हात लावता येत नाही. त्यामुळे रस्टचा कंपायलर जवळपास प्रत्येक फंक्शनमध्ये एलएलव्हीएमला ही हमी देऊ लागला.

आणि बिनचूक प्रोग्रॅम चुकीची उत्तरं देऊ लागले. एलएलव्हीएममध्ये या हमीचा वापर करणारी वाट होती, पण सीच्या कोडमधून तिच्यावर फारशी वर्दळच झालेली नव्हती, म्हणून तिच्यातले खड्डे कुणाला दिसले नव्हते. रस्टने ही सोय बंद केली, एलएलव्हीएममध्ये दुरुस्ती झाल्यावर पुन्हा चालू केली, आणि २०१८ मध्ये नवी चूक सापडल्यावर परत बंद केली. या वेळची चूक मोठी सूक्ष्म होती. लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडच्या, आत दिलेली हमी त्या एका फेरीपुरतीच खरी असते. वेग वाढवण्यासाठी कंपायलरने दोन फेऱ्या उलगडून शेजारी ठेवल्या आणि हमी दोन्ही फेऱ्यांना मिळून लागू आहे असं धरलं. हेच उदाहरण सी भाषेत लिहून पाहिलं तेव्हा क्लँग चुकला, आणि ज्याचा एलएलव्हीएमशी काही संबंध नाही असा जीसीसीही चुकला. दोन वेगवेगळ्या गटांनी, वेगवेगळ्या कोडमध्ये, तोच गैरसमज करून घेतला होता. अखेर २०२१ मध्ये, एलएलव्हीएम १२ आल्यानंतर, रस्ट १.५४ मध्ये ही सोय पुन्हा चालू झाली. एका गुणधर्मासाठी इतकी वर्षं धीर धरणाऱ्या लोकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

कंपायलरच्या चुकांचं दुखणं हेच आहे की संशय आधी स्वतःच्या कोडवर जातो. प्रोग्रॅमर दिवसच्या दिवस आपला कोड तपासत बसतो. खरा दोषी कंपायलर आहे हे ठरवायला आधी हजारो ओळींचा प्रोग्रॅम कापत कापत, चूक तशीच राहील असा, दहा-वीस ओळींवर आणावा लागतो. मग ती चूक कुठल्या बदलानंतर शिरली ते शोधायचं. इथे निम्म्यानिम्म्याने शोधायची जुनी युक्ती उपयोगी पडते: हजार बदलांच्या यादीत मधला बदल तपासा, अर्धी यादी बाद करा, उरलेल्या यादीत पुन्हा तेच करा. दहा तपासण्यांत गुन्हेगार हाती लागतो. रस्टच्या कंपायलरची आवृत्ती रोज रात्री तयार होते, त्यामुळे हा शोध बराचसा यंत्रावरच सोडता येतो.

चुका वापरकर्त्यांच्या हाती लागण्याआधी मुद्दाम शोधायचंही शास्त्र आहे. यूटा विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘सीस्मिथ’ नावाचं साधन बनवलं. ते सी भाषेतले वैध पण यादृच्छिक प्रोग्रॅम तयार करतं. तोच प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंपायलरना द्यायचा आणि उत्तरं जुळतात का ते पाहायचं. २०११ च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार तीन वर्षांत ३२५ हून अधिक चुका सापडल्या, आणि त्यांनी तपासलेल्यांपैकी एकही कंपायलर निर्दोष ठरला नाही. फ्रान्समध्ये झाव्हिए लेरॉय यांच्या पुढाकाराने बनलेल्या ‘कॉम्पसर्ट’ या कंपायलरचा अचूकपणा गणिताने सिद्ध केलेला आहे. त्याच्या सिद्ध केलेल्या मधल्या भागात मात्र यूटाच्या संशोधकांना चुकीचा कोड तयार करणारी एकही चूक मिळाली नाही. अशी सिद्धता प्रचंड मेहनतीची असते, म्हणून बाकीच्या जगाला चाचण्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

त्या चाचण्यांची शिस्त कडक असते. रस्टमध्ये कोणताही बदल मुख्य शाखेत, म्हणजे प्रकल्पाच्या अधिकृत कोडमध्ये, थेट जात नाही. एक स्वयंचलित बॉट तो बदल ताज्या कोडवर बसवून चाचण्या चालवतो, आणि त्या पार पडल्या तरच बदल आत येतो. मोठ्या, धोक्याच्या बदलांसाठी ‘क्रेटर’ आहे. जगभरच्या लोकांनी प्रसिद्ध केलेली रस्टची पॅकेजेस जुन्या आणि नव्या कंपायलरने कंपाइल करून कोणतं मोडलं ते तो सांगतो. अनोळखी माणसाचा कोड मोडेल का, याची इतकी चौकशी फार थोड्या क्षेत्रांत होत असेल.

काही बदल तरीही करावेच लागतात. २०१८ मध्ये रस्टला ‘असिंक’ हा राखीव शब्द हवा होता, पण कुणीतरी आपल्या व्हेरिएबलला ते नाव आधीच दिलेलं असणार. तोडगा निघाला ‘एडिशन’चा. प्रत्येक पॅकेज आपण २०१५, २०१८, २०२१ की २०२४ च्या नियमांनी लिहिलं आहे ते सांगतं, आणि एकच कंपायलर या साऱ्यांना सांभाळून घेतो. याची किंमत देखभाल करणारे मोजतात, कारण जुने नियम कंपायलरमधून कधीच काढता येत नाहीत.

कंपायलर बऱ्याचदा ज्या भाषेसाठी असतो त्याच भाषेत लिहिलेला असतो. गो भाषेचा कंपायलर आधी सीमध्ये होता, २०१५ च्या १.५ आवृत्तीपासून तो गोमध्येच आहे. म्हणजे नवा कंपायलर बनवायला जुना लागतो. जीसीसी स्वतःला तीनदा बांधतो: आधीच्या कंपायलरने पहिला, पहिल्याने दुसरा, दुसऱ्याने तिसरा. दुसरा आणि तिसरा तंतोतंत सारखे निघाले नाहीत तर कुठेतरी गडबड आहे. या साखळीचा धोका केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये छापलेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या (संगणकशास्त्रातल्या मानाच्या पुरस्काराच्या) व्याख्यानात दाखवला: कंपायलरमध्ये लपवलेला घातपाती कोड पुढच्या प्रत्येक कंपायलरमध्ये स्वतःची नक्कल उतरवू शकतो, आणि मूळ लेखनात त्याचा मागमूसही उरत नाही.

भोवतालची साधनंही सांभाळावी लागतात: कोडची मांडणी सारखी करणारी, टाइप करतानाच चुका दाखवणारी, पॅकेजेस आणून जोडणारी. भाषेत एखादी नवी रचना आली की या सगळ्यांना ती शिकवावी लागते. एरर मेसेज सुधारणं हे यातलंच काम. नवशिक्याला भाषा आवडते की नाही हे बहुधा तिथेच ठरतं, म्हणून मी त्याला दुय्यम मानत नाही.

तुटवडा असतो तो दुसऱ्याचा बदल वाचून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकणाऱ्या माणसांचा. बदल लिहिणारे पुष्कळ येतात. पण त्या बदलाने दहा वर्षांपूर्वीचा एखादा निर्णय मोडतो का हे सांगायला कंपायलरचा तो कोपरा वर्षानुवर्षं पाहिलेला असावा लागतो, आणि असे लोक बरेचदा नोकरी सांभाळून, उरलेल्या वेळात हे करतात. नव्या वैशिष्ट्यांसाठी पैसा मिळवणं त्यामानाने सोपं जातं. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने २०२१ मध्ये एका डेव्हलपरला पूर्णवेळ पगारावर घेतलं, ते साचलेले बदल तपासायला, तक्रारींचा निपटारा करायला आणि स्वयंसेवकांना हात द्यायला. पायथन पहिल्यांदा प्रसिद्ध झाली १९९१ मध्ये. अशी पहिली नेमणूक व्हायला तीस वर्षं गेली.