लॅपटॉपला फ्लॉपी दिसतच नाही

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावरून यंदा काकांचा लॅपटॉप खाली उतरला. १९८९ सालचा, जपानी, हार्ड डिस्क नसलेला. उजव्या अंगाला साडेतीन इंची फ्लॉपीची, म्हणजे माहिती साठवायच्या चुंबकीय तबकडीची, एक फट. सोबत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अकरा फ्लॉप्या. काकू म्हणाली, "भंगारवाल्याला देऊन टाक, निदान माळा तरी मोकळा होईल." जेल रोडवर नेला, तर दुकानदारानं उलटासुलटा करून पाहिला आणि परत माझ्या हातात ठेवला. "भिया, ये तो म्यूज़ियम का माल है."

घरी आणून सगळ्यात आधी बॅटरी काढली. निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्या गळतात आणि त्यातला अल्कली रस बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खात सुटतो. हिरवट थर दिसला, की कापसाच्या बोळ्यावर पांढरं व्हिनेगर घेऊन पुसायचं. आम्लानं अल्कली मारायची, शाळेतलंच रसायनशास्त्र. मग बाहेरून वीज दिली आणि लॅपटॉप चक्क सुरू झाला. त्या काळच्या काही लॅपटॉपांत डॉस, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, फ्लॉपीवर नसून रॉमच्या (पुसली न जाणाऱ्या) चिपमध्येच कोरलेली असे. तोशिबाच्या १९८७ च्या टी-१००० मध्ये अशीच डॉस २.११ होती. काकांच्या यंत्रातही तशी सोय निघाली, त्यामुळे एक मोठा प्रश्न तिथेच सुटला. मशीन जिवंत आहे, आजारी आहे तो फ्लॉपी वाचणारा ड्राइव्ह. फ्लॉपी घालून यादी मागितली, तर पडद्यावर उमटलं: नॉट रेडी. अबॉर्ट, रिट्राय, फेल?

इथे एक गोष्ट मनात पक्की केली, की पुढचं सगळं सोपं होतं. लॅपटॉपला फ्लॉपी दिसत नाही, कधीच दिसत नव्हती. त्याला दिसतात त्या डझनभर तारा. काही तारांवरून तो हुकूम सोडतो: मोटर चालू कर, हेड (वाचणारं-लिहिणारं टोक) एक पाऊल आत घे, खालची बाजू वाच, आता लिही. उरलेल्या तारांवरून उत्तरं येतात: हेड शून्य नंबरच्या ट्रॅकवर (तबकडीवरच्या सगळ्यात बाहेरच्या गोल पट्ट्यावर) आहे, तबकडीचा एक फेरा झाला, या फ्लॉपीवर लिहायला मनाई आहे. आणि एका तारेवरून येतात वाचलेले ठोके. दुरुस्ती करायची म्हणजे यातलं कोणतं उत्तर येत नाही ते शोधायचं. ड्राइव्हची नक्कल करायची म्हणजे तीच उत्तरं, त्याच वेळेला, दुसऱ्या कुणीतरी द्यायची.

'त्याच वेळेला' हे महत्त्वाचं. ७२० केबीची फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला २०० मिलिसेकंद. चुंबकीय थरावर दिशा उलटली, की हेडच्या वेटोळ्यात विजेचा एक टोला उठतो. दोन टोल्यांमधलं अंतर ४, ६ किंवा ८ मायक्रोसेकंद. माहिती टोल्यात नसते, ती या अंतरात असते. तबल्याचा ठेका बोटांइतकाच मधल्या जागांनी कळतो, तसं. एका फेऱ्यात साधारण ६,२५० बाइट मावतील एवढी जागा असते, पण आपल्या वाट्याला ९ सेक्टर (ट्रॅकचे तुकडे) गुणिले ५१२, म्हणजे ४,६०८ बाइटच येतात. बाकीची जागा सेक्टरांचे पत्ते, चूक ओळखण्याच्या बेरजा आणि मोकळी अंतरं खातात. ती उधळपट्टी नव्हे. कुठल्याच दोन ड्राइव्हच्या मोटरी अगदी एका वेगानं फिरत नाहीत, आणि मोकळ्या जागा त्या फरकासाठी सोडलेल्या असतात.

हे कळलं, की डॉसच्या त्या रुक्ष ओळी वैद्याच्या नाडीपरीक्षेसारख्या वाचता येतात. 'नॉट रेडी' म्हणजे बहुधा फेऱ्याचा ठोकाच आला नाही: मोटर फिरत नाही, किंवा रखडत फिरते. 'सेक्टर नॉट फाउंड' म्हणजे तबकडी फिरतेय, पण हवा असलेला पत्ता सापडत नाही. हेड भलत्या ट्रॅकवर अडकलंय किंवा मळलंय. 'डेटा एरर' म्हणजे पत्ता मिळाला, मजकूरही मिळाला, पण शेवटची बेरीज जुळली नाही. इथे संशय फ्लॉपीवर घ्यावा. आणि ड्राइव्ह स्वतः लिहिलेलं सुरळीत वाचतो, दुसऱ्या ड्राइव्हवरचं नाही, असं झालं तर हेडची जागा सरकली आहे. एका इंचात १३५ ट्रॅक, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये जेमतेम ०.१९ मिलिमीटर. तेवढ्यात थोडं सरकलं तरी हेड दोन गल्ल्यांच्या मधल्या भिंतीवरून चालू लागतं.

काकांच्या ड्राइव्हचा दोष मोटरच्या बोर्डावर निघाला. त्या पिढीचे छोटे, बोर्डावर चपटे बसवलेले कंडेन्सर वयानुसार झिरपतात. कावीळ झाल्यासारखं पिवळट पडलेलं सोल्डर दिसलं आणि तिथे गरम सोल्डरिंग आयर्न टेकवताच सडक्या माशाचा वास सुटला. काकू स्वयंपाकघरातून धावत आली. शाकाहारी घरात हा वास म्हणजे अनर्थच! पण जुन्या कंडेन्सरच्या गळतीची हीच खूण आहे. तीन कंडेन्सर बदलले, मोटर फिरली, 'नॉट रेडी' जाऊन 'सेक्टर नॉट फाउंड' आलं. प्रगती म्हणायची. हेड ज्या दांडीवर सरकतं तिच्यावरचं वंगण इतक्या वर्षांत डिंकासारखं घट्ट झालं होतं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं, नवं ग्रीस नावापुरतं लावलं. हेडही त्याच अल्कोहोलनं साफ केलं, आणि तिथे मी माती खाल्ली. वरचं हेड कागदासारख्या पातळ पत्र्यावर तोललेलं असतं, ते चिमट्यानं उचलायचं नसतं. मी उचललं. खालची बाजू वाचता येऊ लागली, वरची कायमची गेली.

सुदैवानं एक शहाणपण आधीच सुचलं होतं. काकांच्या फ्लॉप्या मी या आजारी ड्राइव्हमध्ये घातल्याच नव्हत्या, चाचणीला दुसरी फ्लॉपी घेतली होती. आधी माहिती वाचवायची, मग यंत्र, हा क्रम सोडू नये. पावसाळ्यात माळ्यावर पडलेल्या फ्लॉपीवर बुरशी धरते. धातूचं झाकण सरकवून तबकडी उजेडात हळूच फिरवली, की पांढुरके ठिपके दिसतात. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली, तर बुरशी हेडला लागते आणि हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीला ओरखडतं. अकरापैकी दोन तशा निघाल्या. त्या बाजूला ठेवल्या.

उरलेल्या नऊ फ्लॉप्या एका धडधाकट, डेस्कटॉपच्या ड्राइव्हमधून उतरवल्या. मध्ये ग्रीझवीझल नावाचा बोर्ड लावला. कीर फ्रेझर यांनी तयार केलेला हा बोर्ड सेक्टर वगैरे काही समजून घेत नाही. तो दोन टोल्यांमधली अंतरं मोजतो आणि यूएसबीवरून संगणकाकडे पाठवतो, अर्थ लावायचं काम मागाहून. कमकुवत ट्रॅक पाच-सहा फेऱ्यांत वाचून घेता येतो. एका फेऱ्यात हुकलेलं दुसऱ्यात सापडतं. प्रत्येक फ्लॉपीची शेवटी एक फाइल झाली: ८० ट्रॅक, २ बाजू, ९ सेक्टर, ५१२ बाइट, एकूण ७,३७,२८० बाइट. आजच्या मोबाइलमधल्या एका फोटोपेक्षाही लहान.

आता लॅपटॉपला या फाइली फ्लॉपी म्हणून पटवायच्या. त्यासाठी गोटेक नावाची डबी मिळते. फ्लॉपी लागणाऱ्या भरतकामाच्या संगणकीय मशिनी आणि म्युझिक कीबोर्ड यांच्यामुळे ती आपल्याकडेही आली. तोंडाला फ्लॉपीच्या फटीऐवजी पेन ड्राइव्हची जागा, आत एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला चिमुकला संगणक. मूळ फर्मवेअर (आतला कायमचा प्रोग्रॅम) काढून तिच्यात फ्रेझर यांचंच फ्लॅशफ्लॉपी भरलं, की डबी बहुरूपी होते. लॅपटॉपनं 'एक पाऊल आत' म्हटलं, की ती नुसता आकडा वाढवते. फाइलमधून त्या ट्रॅकचे बाइट काढून त्यांचे ४-६-८ मायक्रोसेकंदांचे ठोके घडवते. आणि काही फिरत नसतानाही दर २०० मिलिसेकंदांनी इमानानं सांगते, 'फेरा झाला'.

जोडणी मात्र वेळखाऊ. डेस्कटॉपच्या ३४ पिनांच्या केबलीत विषम क्रमांकाच्या सगळ्या पिना ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, जातात, सम पिनांवर संदेश, वीज वेगळ्या तारेनं. लॅपटॉपवाल्यांनी जागा वाचवायला वीज आणि संदेश एकाच अरुंद पट्टीत कोंबले, तेही आपापल्या क्रमानं. पाच व्होल्ट चुकीच्या पिनेवर गेले तर लॅपटॉपमधली, ड्राइव्हला हुकूम देणारी कंट्रोलरची चिप गेलीच. म्हणून मल्टिमीटरनं आधी ग्राउंड शोधले, मग वीज. पुढे एक युक्ती कामी येते. इथे शून्य व्होल्ट म्हणजे 'हो'. जुना ड्राइव्ह चालू ठेवून लिहिण्याच्या मनाईचा खटका बोटानं दाबायचा आणि कोणती पिन खाली बसते ते पाहायचं. हेड हातानं मागे सारलं, की शून्य-ट्रॅकची पिन सापडते. दोन रविवार गेले.

लॅपटॉपनं पहिली फाइल वाचली. दुसरी लावली, तर यादी पहिलीचीच दिसली. पेन ड्राइव्हवर दोष काढला, फाइलवर काढला. दोष होता ३४ क्रमांकाच्या पिनेत. तिच्यावर जुने, शुगार्ट कंपनीच्या पद्धतीचे ड्राइव्ह 'मी तयार आहे' असं सांगतात, पीसी पद्धतीचे 'फ्लॉपी बदलली' असं. डबी पहिली भाषा बोलत होती, लॅपटॉप दुसरी ऐकत होता, आणि फ्लॉपी बदललीच नाही या समजुतीत जुनी यादी दाखवत होता. त्या अवस्थेत मी काही लिहिलं असतं, तर एका फ्लॉपीचा हिशेब दुसरीच्या अंगावर लिहिला गेला असता. सेटिंगच्या फाइलमधला एक शब्द बदलून काम झालं.

प्रत्येक नक्कल तारांवरून ठोके पाठवूनच करावी लागते असंही नाही. टँडी कंपनीच्या १९८३ च्या मॉडेल १०० या लॅपटॉपचा पोर्टेबल ड्राइव्ह फक्त १०० केबीचा, पण त्याच्या पोटात स्वतःचा प्रोसेसर होता. तो सिरियल केबलीवरून 'ही फाइल दे', 'ही ठेव' अशा भाषेत बोले. त्या ड्राइव्हचा रबरी पट्टा आज बहुतेक ठिकाणी वितळून चिकट झालेला असतो. तो बदलता येतो. पण नाही बदलला, तरी कुठल्याही संगणकावर तीच भाषा बोलणारा प्रोग्रॅम चालवला की मॉडेल १०० खूश. हार्ड डिस्कवाल्या पुढच्या लॅपटॉपांत तर काम आणखी सोपं. हार्ड डिस्कच्या जागी बसवायच्या कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्डाला तिची आयडीई भाषा जन्मजात येते, मधला अडॅप्टर नुसत्या पिना जुळवतो. तिथे अडचण बायोसची, म्हणजे संगणक चालू होताना सगळ्यात आधी जागा होणाऱ्या प्रोग्रॅमची: जुन्या बायोसला ५०४ एमबीच्या पुढे मोजता येत नाही, म्हणून लहान कार्ड शोधत हिंडावं लागतं.

काकांच्या एका फ्लॉपीवर बेसिक या संगणकीय भाषेत लिहिलेला तिथी काढण्याचा प्रोग्रॅम निघाला. तो सन विचारतो आणि दोनच आकडे घेतो. मी लावला तेव्हा काकू शेजारी येऊन बसली. बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चालू आहे ना रे? आवाज तर येत नाही."

फ्लॅशफ्लॉपीत त्याचीही सोय आहे. डबीतल्या दोन टोकांना छोटा स्पीकर जोडला आणि सेटिंगमध्ये आवाज वाढवला, की हेडच्या प्रत्येक पावलाला एक टक वाजतं. लॅपटॉपला त्याचा काही उपयोग नाही. पुढच्या रविवारी जोडला. कर्र-टक-टक ऐकून काकू आतूनच ओरडली, "हां, आता लागली बघ फ्लॉपी!"