सड्यावर रेंज, मुंबईत इंटरव्ह्यू

रत्नागिरी ते मुंबई रस्त्याने साधारण ३३० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एवढं अंतर कापायला त्याला दोन मिलिसेकंदही लागत नाहीत. तरीही व्हिडिओ इंटरव्ह्यूत मुंबईहून आलेला प्रश्न गुहागरात पोचून त्याचं उत्तर परत जाईपर्यंत कधीकधी सेकंदभर उलटून जातो. हा वेळ जातो कुठे, आणि तेवढ्यात समोरच्याच्या डोक्यात काय चालतं, हे कळलं की बरीचशी तयारी आपोआप होते. शर्ट कुठल्या रंगाचा घालावा हे सांगणारे पुष्कळ आहेत, ते त्यांच्यावर सोडू.

आधी डोक्याचं. नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेतल्या भाषा-अभ्यासकांच्या गटाने २००९ मध्ये १० भाषांमधल्या गप्पांची रेकॉर्डिंग तपासली. प्रश्न संपल्यावर उत्तर सुरू व्हायला लागणारा सरासरी वेळ २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाला. मराठी त्या दहांत नव्हती, पण आपण काही फार सावकाश असू असं वाटत नाही. ओटीवर बसलेली मंडळी तर समोरच्याचं वाक्य संपू देतील तर शपथ. गंमत अशी की एकच शब्द मनात जुळवून तोंडातून काढायला मेंदूला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर रचत असतो आणि तो कधी थांबणार याचा अंदाज बांधत असतो.

आता यात नेटवर्क आणा. समजा आवाज एका बाजूने जायला ४०० मिलिसेकंद लागतात. तुम्ही नेहमीच्याच चपळाईने, २०० मिलिसेकंदांत उत्तर दिलंत. पण प्रश्न येताना ४०० गेले, उत्तर जाताना ४०० गेले. मुलाखत घेणाऱ्या बाईंना ऐकू आली ती पूर्ण एक सेकंदाची शांतता. समोरासमोरच्या बोलण्यात एवढं थांबणं म्हणजे ‘याला येत नाही’ किंवा ‘याला सांगायचं नाही’. बर्लिनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हेच तपासून पाहिलं. त्यांनी कॉलमध्ये मुद्दाम १.२ सेकंदांपर्यंत उशीर घातला, तेव्हा लोकांनी दोष लाइनला न देता पलीकडच्या माणसाला दिला. त्याचं लक्ष नाही, तो तेवढा मोकळा नाही, असं त्यांचं मत झालं. पाप रेंजचं आणि ताप उमेदवाराला.

हा उशीर फायबरमध्ये होत नाही. आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडून पाठवले जातात. चिपळूणहून ठरल्या वेळी सुटलेल्या गाड्या कशेडी घाटात अडकल्या की पनवेलला तीन एकदम येतात, तसे हे तुकडे मोबाइल टॉवरच्या गर्दीत अडकतात आणि पलीकडे कधी एकामागून एक, कधी गठ्ठ्याने पोचतात. ते सलग ऐकू यावेत म्हणून पलीकडचं ॲप थोडा साठा करूनच वाजवतं. रेंज जितकी डळमळीत तितका साठा मोठा, आणि तितका उशीर जास्त. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एकेरी उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेक संभाषणं सुरळीत चालतात. ब्लूटूथचे इयरबड त्यात आपली भर घालतात, शिवाय माइक चालू झाला की बऱ्याचदा त्यांच्या आवाजाचा दर्जाही उतरतो. बाजारातला साधा वायरवाला इयरफोन इथे जिंकतो.

उशीर किती आहे ते मोजायला यंत्र नको. आदल्या दिवशी, त्याच जागेवरून आणि त्याच वेळेला मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावा आणि आलटूनपालटून आकडे म्हणा. तुम्ही एक, ती दोन, तुम्ही तीन, असं वीसपर्यंत. मग हाच खेळ समोरासमोर बसून खेळा. दोन्हींना लागलेल्या वेळातला फरक दहाने भागलात (वीस आकडे म्हणजे दहा फेऱ्या) की मुलाखतीत प्रत्येक वळणावर काय होणार आहे ते कळेल. त्यावरून दोन सवयी लावून घ्याव्यात. प्रश्न संपला की लगेच तोंड उघडावं, निदान ‘हो, त्या कामात मी...’ एवढं तरी. आणि उत्तर संपलं की खरोखर थांबावं. पलीकडून काही येत नाही म्हणून घाबरून ‘म्हणजे, तसं बघायला गेलं तर...’ सुरू केलंत की तोवर त्यांचा पुढचा प्रश्न निघालेला असतो आणि दोघांची टक्कर होते.

आता रेंज. फोनवरच्या काड्या टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती पोचतो ते दाखवतात, तुमचा टॉवरपर्यंत किती पोचतो ते नाही. टॉवर दहा-वीस वॅटने किंवा त्याहून जास्त ताकदीने बोलतो. ४जी फोनची कमाल ताकद साधारण ०.२ वॅट. म्हणून खाडीकाठच्या घरात तुम्हाला समोरचे झकास दिसतात आणि त्यांना मात्र तुम्ही तुटकतुटक ऐकू येता. स्पीड तपासताना अपलोडचा आकडा बघा. ‘हय रेंज गावत नाय’ म्हणत पोरं सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर, जातात ते शास्त्राला धरूनच आहे, मधला डोंगर टळतो. पण सड्यावरचा वारा माइकवर आदळून जो घुरघुराट होतो त्यापेक्षा सड्याकडेच्या कुणाच्या तरी पडवीत बसलेलं बरं. आणि तारीख तुमच्या हातात असेल तर गणपतीचे दिवस टाळा. चाकरमानी गावात उतरले की त्याच टॉवरवर शेकडो फोन वाढतात.

पावसाला आपण उगाच दोष देतो. मोबाइलच्या १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास १७ सेंटिमीटर, पावसाचा थेंब काही मिलिमीटर. धो-धो पावसातही या लहरीचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते दोन टॉवरांमधल्या मायक्रोवेव्ह दुव्याचं, कारण तिथे १० गिगाहर्ट्झच्या वरच्या आखूड लहरी असतात आणि थेंब त्या शोषतात, विखुरतात. भिजलेली झाडंही थोडा सिग्नल खातात. आणि लाईट जाते, ती तर जातेच.

खरा त्रास पत्र्याचा. पत्र्यावरचा पाऊस म्हणजे सगळ्या पट्ट्यांत पसरलेला सूंऽऽ आवाज. ‘स’, ‘श’ ही व्यंजनंही तशीच, उंच पट्टीतली फूत्कारासारखी. ॲपमधलं आवाज गाळणारं तंत्र पंख्याची घरघर सहज काढतं, पण पावसाबरोबर तुमचे ‘स’ आणि ‘श’ही गिळून टाकतं. ॲपच्या सेटिंगपेक्षा माइक जवळ आणणं जास्त कामाचं. अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. ६० सेंटिमीटरवरच्या लॅपटॉपऐवजी १५ सेंटिमीटरवरच्या इयरफोनच्या माइकमध्ये बोललात की १२ डेसिबल फुकट पदरात पडतात. बसायला गाद्या-गोधड्यांची खोली उत्तम. चिऱ्याच्या, गिलावा केलेल्या उघड्या भिंती आवाज परत फेकतात, गोधड्या तो जिरवतात. आवाजाचा हा सोस उगाच नाही. २०१८ च्या एका प्रयोगात तेच भाषण खराब आवाजात ऐकलेल्यांनी वक्त्यालाही कमी लेखलं होतं.

चित्राबद्दल थोडक्यात. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. नजरेचं मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. स्टॅनफर्डमधल्या मिल्टन चेन यांनी २००२ मध्ये दाखवलं की समोरच्याची नजर डावी-उजवीकडे किंवा वर थोडी सरकली तरी आपल्याला लगेच कळते, पण जराशी खाली असेल तर ती आपल्याकडेच आहे असं वाटतं. म्हणून समोरच्यांची चौकट लहान करून कॅमेऱ्याच्या अगदी खाली सरकवा, मग बघाल त्यांच्याकडे आणि वाटेलही तसंच. स्वतःची चौकट लपवा.

आवाज तुटायला लागला तर ‘व्हिडिओ बंद करू का?’ असं सरळ विचारा. आवाजाला सेकंदाला ३०-५० किलोबिट पुरतात, चित्राला त्याच्या कैकपट. आणि ईमेलला उत्तर देतानाच स्वतःचा नंबर लिहून ठेवा, लाईट गेली तर मी साध्या कॉलवर आहे म्हणून.