स्टॅम्प ॲक्ट आणि टी ॲक्ट: एकाने कर लादला, दुसऱ्याने चहा स्वस्त केला

'ब्रिटिशांनी चहावरचा कर वाढवला म्हणून अमेरिकेतल्या वसाहतवाल्यांनी चहा समुद्रात फेकला,' हे वाक्य स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये सर्रास सापडतं. त्यातला चहा खरा, समुद्रही खरा. वाढलेला कर तेवढा खोटा. १७७३ च्या टी ॲक्टमुळे चहा उलट स्वस्त होणार होता. नवा कर बसवून लोकांना रस्त्यावर आणलं ते आठ वर्षं आधीच्या, १७६५ च्या स्टॅम्प ॲक्टने. दोन्ही कायदे लंडनच्या पार्लमेंटचे, दोन्ही वेळी गाजलं ते बॉस्टन आणि दोन्ही वेळी तक्रारही एकच: ज्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, तिला आमच्यावर कर बसवायचा अधिकार कुठून आला? सरमिसळ होते ती यामुळेच.

आधी स्टॅम्पचं बघू. १७६३ साली सात वर्षांचं युद्ध संपलं. फ्रेंचांकडून कॅनडा हाती लागला, पण ब्रिटनच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर झाला. अमेरिकेत फौज ठेवायची तर तिचा थोडा भार तिथल्या लोकांनी उचलावा, असा पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिलचा हिशेब. खुद्द इंग्लंडमध्ये मुद्रांक शुल्क १६९४ पासून चालू होतं, त्यामुळे त्याला यात काही वावगं वाटलं नाही. भाडेकराराला किंवा प्रतिज्ञापत्राला आपण स्टॅम्प पेपर आणतो, तसलाच हा प्रकार. फक्त इथे जाळं फार लांबवर टाकलेलं होतं. कोर्टाचे कागद, परवाने, वर्तमानपत्रं, त्यातल्या जाहिराती, पदवीची प्रमाणपत्रं, सगळ्यांना शिक्क्याचा कागद लागणार. पत्त्यांच्या एका कॅटवर एक शिलिंग, फाशांच्या जोडीवर दहा शिलिंग. वर हे पैसे ब्रिटिश चलनातच भरायचे, ज्याची वसाहतींत कायम चणचण. आणि कायदा मोडला तर खटला ज्युरीशिवायच्या आरमारी न्यायालयातही चालू शकणार.

ग्रेनव्हिलने नेमकं कोणाला दुखावलं बघा: वकील आणि छापखानेवाले. ज्यांना युक्तिवाद करता येतो ते, आणि ज्यांना तो छापता येतो ते. इतका आत्मघातकी कर शोधून सापडायचा नाही.

१४ ऑगस्ट १७६५ ला बॉस्टनमध्ये स्टॅम्प वाटपाची नेमणूक मिळालेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा एका एल्मच्या झाडाला टांगला गेला. त्याने लगेच राजीनाम्याची कबुली दिली. बारा दिवसांनी जमाव उपगव्हर्नर टॉमस हचिन्सनच्या घरात घुसला आणि घराचा अक्षरशः सांगाडा करून गेला. हे नाव लक्षात ठेवा, चहाच्या वेळीही ते येणार आहे. १ नोव्हेंबरला कायदा अमलात येईपर्यंत जवळपास सगळ्याच स्टॅम्प वाटपकर्त्यांनी अंग काढून घेतलं होतं. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे प्रतिनिधी जमले, ब्रिटिश मालावर बहिष्कार पडला, आणि धंदा बुडायला लागल्यावर खुद्द इंग्लंडचे व्यापारीच कायदा मागे घ्या म्हणून पार्लमेंटच्या मागे लागले. मार्च १७६६ मध्ये तो रद्द झाला. मात्र त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा कायदा करून ठेवला: वसाहतींसाठी हवा तो कायदा करायचा आमचा अधिकार अबाधित आहे. पैसे सोडले, हक्क सोडला नाही.

चहावरचा कर या हट्टातूनच आला. १७६७ मध्ये काच, शिसं, रंग, कागद आणि चहावर आयात जकात बसली. ओरड झाल्यावर १७७० मध्ये बाकीच्या जकाती उठल्या. चहावरची, रतलामागे (म्हणजे पौंडामागे) तीन पेन्सची, मुद्दाम ठेवली. टी ॲक्टने यात एका पेन्सचीही भर घातली नाही.

मग तो होता कशासाठी? ईस्ट इंडिया कंपनीला वाचवण्यासाठी. बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, मिळूनही कंपनी १७७२ मध्ये दिवाळखोरीच्या काठावर होती आणि लंडनच्या गोदामांत दीड कोटी रतलांहून जास्त चहा पडून होता. (चहा चीनचा, आसामच्या मळ्यांना अजून अवकाश होता.) एमपीएससीवाल्यांना तोंडपाठ असलेला १७७३ चा रेग्युलेटिंग ॲक्ट हा याच संकटाचा दुसरा उपाय. टी ॲक्टने कंपनीला तिचा चहा थेट अमेरिकेला पाठवायची मुभा दिली. मधला लंडनचा लिलाव टळला, इंग्लंडमधली जकातही परत मिळणार होती. तीन पेन्स भरूनसुद्धा हा चहा चोरट्या डच चहापेक्षा स्वस्त पडला असता.

इथेच खरी गोम आहे. स्टॅम्पचा कर खिशाला टोचत होता, म्हणून सगळे चिडले. स्वस्त चहा टोचणार नव्हता. लोक तो मुकाट्याने पीत राहिले असते आणि प्रत्येक कपाबरोबर पार्लमेंटचा हक्क मान्य होत गेला असता. शिवाय विक्री कंपनीने नेमलेल्या मोजक्या अडत्यांकडेच. बॉस्टनच्या अडत्यांत दोघे होते आता गव्हर्नर झालेल्या हचिन्सनचे मुलगे. चोरटी आयात करणाऱ्यांचं पोट यात अडकलं होतं हेही खरं, पण तेवढंच कारण म्हणणं मला पटत नाही. फिलाडेल्फियात जॉन डिकिन्सनने टोपणनावाने काढलेल्या पत्रकात लोकांना बंगालच्या दुष्काळाची आठवण करून दिली होती: कंपनीने तिथे काय केलं ते बघा, आता तिची नजर आपल्याकडे वळली आहे.

१७६५ चाच डाव पुन्हा खेळला गेला: अडत्यांना राजीनामे द्यायला लावायचे. बाकी बंदरांत तो चालला. बॉस्टनचे अडते मात्र बंदरातल्या किल्ल्यात जाऊन बसले. फिलाडेल्फियाचं जहाज बंदरात शिरण्याआधीच परतवता आलं. बॉस्टनला 'डार्टमथ' २८ नोव्हेंबरलाच आत आलं होतं, आणि एकदा आत आलं की वीस दिवसांत जकात भरा, नाहीतर माल जप्त. परत जायचा परवाना हचिन्सन देईना. मुदतीच्या आदल्या संध्याकाळी, १६ डिसेंबरला, तीन जहाजांवरच्या ३४० च्या आसपास पेट्या फोडून चहा पाण्यात गेला. आठ वर्षांपूर्वी घर लुटणाऱ्या याच शहराने या वेळी चहाखेरीज फारसं कशाचं नुकसान केलं नाही.

या वेळी लंडनने माघार घेतली नाही, बंदरच बंद केलं. महसुलासाठी वसाहतींवर कर न बसवण्याचं आणि चहावरची ती जकात उठवण्याचं शहाणपण पार्लमेंटला सुचलं १७७८ मध्ये. तोवर अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला तीन वर्षं होत आली होती आणि फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरला होता.